चकमकी बंदुकीची कळ आणि हिंदी कारागिराचा हात

मराठीत ‘चकमक’ हा शब्द आज बहुधा दोन तुकड्यांमधील लहानशा लढाईसाठी वापरला जातो. मुळात तो तुर्की भाषेतून आला असून त्याच्या धातूचा अर्थ आघात करणे, ठिणगी पाडणे असा आहे. उर्दूतील ‘चक़माक़’ म्हणजे ठिणगी पाडणारी गार. काडेपेटी येण्यापूर्वी गार, पोलादाचा तुकडा आणि कापूस एवढ्या साहित्यावर विस्तव केला जात असे. हीच साधी क्रिया बंदुकीवर बसवली गेली, तेव्हा चकमकी बंदूक तयार झाली. या रचनेचे श्रेय सामान्यतः सतराव्या शतकाच्या आरंभीचा फ्रान्समधील लिझ्यू येथील कारागीर मारँ ल बुर्झ्वा याला दिले जाते.

हिंदुस्थानात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तोड्याच्या बंदुकीचेच प्राबल्य होते. जळती जामगी कान्यावरील रंजकाला टेकवायची, की बार उडे. यावरून ‘हिंदी कारागिराला नवी कळ बनवता आली नाही, बनवली तेथे केवळ युरोपीय नमुन्याची नक्कल केली’ असे विधान पुष्कळदा केले जाते. या विधानाची परीक्षा करायची असेल, तर ती कळ हाताने घडवण्यास काय काय लागे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

कळीचे मुख्य भाग सात-आठ आहेत. सर्व भाग धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. जबड्यात गार पकडणारा घोडा. गारेचा आघात झेलणारी पोलादी झडप. तिच्याखाली रंजक ठेवण्याची रंजकदाणी. पट्टीच्या आतील बाजूस घोड्याला जोडलेली खाचांची फिरकी. त्या खाचांत अडकणारी अडकण. आणि या सर्वांना बळ देणारी मोठी कमान व तिच्या सोबतीच्या लहान कमानी. चाप ओढला की अडकण खाचेतून सुटते, कमान घोड्याला पुढे फेकते, गार झडपेवरून खाली खरवडत येते आणि झडप उघडून ठिणग्या रंजकावर पडतात. या ठिणग्या गारेच्या नसतात. गारेने खरवडलेले पोलादाचे सूक्ष्म कण हवेत पेट घेतात, त्या ठिणग्या.

म्हणूनच या कामाचा खरा कस कानशीपेक्षा भट्टीत लागतो. झडप मऊ लोखंडाची असेल, तर गार तिला ओरखडे पाडील, पण पुरेशी ठिणगी पडणार नाही. त्यासाठी लोखंडी झडप हाडांच्या किंवा चामड्याच्या कोळशात बंद भांड्यात ठेवून तासन् तास तापवतात. कोळशातील कर्ब पृष्ठभागात शिरतो व पाणी दिल्यावर तो भाग कठीण होतो. कमानीचे गणित याहून वेगळे. ती अधिक कर्बाच्या पोलादाची घडवून, लाल तापवून विझवली की काचेसारखी ठिसूळ होते. मग तिला सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून निळा रंग येताच थांबवावे लागते. रंग येण्याआधी थांबले तर कमान मोडते. फार पुढे गेले तर ती वाकलेलीच राहते. तापमापक नसलेल्या कारखान्यात हा निर्णय उस्तादाच्या डोळ्यावर अवलंबून असे.

फिरकीवरील दोन खाचाही अशाच नाजूक. पहिली खाच खोल असते. घोडा तिच्यात असताना चाप ओढला तरी सुटत नाही. याच स्थितीत बंदूक भरून बाळगायची. दुसरी उथळ असते व तिच्यातून बार सुटतो. पहिली खाच झिजली तर बंदूक बाळगणाऱ्याच्याच जिवावर उठते. घोड्याची उंची चुकली, तर गार झडपेवर नीट खरवडत नाही. कान्याचे भोक बुजले किंवा नीट साधले नाही, तर रंजक नुसतेच भडकते आणि नळीतील दारू तशीच राहते. उर्दूत याला ‘रंजक चाट जाना’ म्हणतात.

हे ध्यानात घेतले, म्हणजे तोड्याची बंदूक एवढी का टिकली याचा उलगडा होतो. तिच्या कळीत भाग थोडे, तीव्र कमान नाही, कठीण केलेली झडप नाही. बिघाड झाल्यास गावचा लोहारही ती दुरुस्त करू शके. पावसात जामगी विझे, रात्री तिचा निखारा शत्रूला दिसे, हे दोष खरेच. परंतु विखुरलेल्या, स्वतःचे हत्यार स्वतः आणणाऱ्या शिपायांच्या फौजेला ती सोयीची होती. ही निवड अज्ञानाची नव्हती, व्यवहाराची होती. पोलादाचे ज्ञान तर येथे जुनेच होते. म्हैसूर आणि तेलंगणच्या मुलखात बंद मुशीत लोखंड व कर्बयुक्त पदार्थ तापवून उत्तम पोलाद केले जाई.

कवायती फौजा उभ्या राहू लागल्या, तेव्हा गरज बदलली आणि तिच्याबरोबर कारखानेही बदलले. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. टिपू सुलतानाने १७८७ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या दरबारी पाठवलेल्या वकिलांनी तेथील कारागीर म्हैसूरला यावेत अशी मागणी केली होती. म्हणजे शिकण्याची इच्छा होती आणि शिकवणारे बाहेरचेही होते. हे नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न एवढाच, की शिकणाऱ्याने पुढे काय केले. याचे उत्तर टिपूच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या आणि आज संग्रहांत असलेल्या हत्यारांत सापडते. श्रीरंगपट्टणच्या काही जोड-पिस्तुलांत एकाची कळ उजवीकडे, तर दुसऱ्याची डावीकडे आहे. डावी कळ बनवताना उजवीचा नमुना समोर ठेवून चालत नाही. पट्टीची आखणी उलटून घेता येईल. पण घोड्याचा बाक, कमानींची वळणे, फिरकीच्या खाचांची दिशा, अडकणीची बैठक ही सगळी आरशातल्याप्रमाणे नव्याने योजावी लागतात. प्रत्येक भाग काय काम करतो हे ज्याला समजले आहे, तोच हे करू शकतो. नकलेच्या आरोपाला याहून स्पष्ट उत्तर कागदपत्रांतही क्वचितच मिळेल.

या हत्यारांवर आणखी एक गोष्ट आहे. बऱ्याच नळ्यांवर वाघाच्या पट्ट्यांची ‘बबरी’ नक्षी, मौलुदी सनातील वर्ष आणि कधी घडवणाऱ्याचे नावही आढळते. मौलुदी १२२२, म्हणजे इ.स. १७९३-९४ मधील एका शिकारी बंदुकीवर असद खान मुहम्मद हे नाव आहे. सुलतानाच्या खास बंदुकीवर कारागिराचे नाव यावे, ही त्या कारखान्यातील उस्तादाच्या मानाची खूण होय.

मग हे कसब पुढे का गेले नाही? ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्र्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दोन्ही ठिकाणचे कारखाने एकेका दरबाराच्या आश्रयावर उभे होते. आश्रय सरला तसे कामही सरले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ कळीचे भाग एकमेकांत बदलता येतील असे बनवू लागला होता. १७८५ मध्ये थॉमस जेफर्सनने त्याच्याकडील सुटे भाग मिसळून हवे तसे उचलले आणि स्वतः कळी जुळवून पाहिल्या. तेथे उस्तादाच्या डोळ्यातील ज्ञान मापात आणि साच्यात उतरू लागले. येथे ते उस्तादाच्या हातातून शागिर्दाच्या हातात जात राहिले. आणि शागिर्दाला काम उरले नाही, तेव्हा तेथेच थांबले.

उणीव बुद्धीची किंवा हाताची नव्हती. ज्ञान लिहून ठेवण्याची, मोजून ठेवण्याची आणि राज्य बुडाले तरी टिकेल अशा संस्थेत शिकवण्याची व्यवस्था नव्हती. तख्तांचा आणि तहांचा इतिहास शिकवताना असद खान मुहम्मद याचे नावही वर्गात उच्चारले गेले, तर विद्यार्थ्यांना तंत्रज्ञानाचा इतिहास परका वाटणार नाही, आणि शिक्षणसंस्था कशासाठी असतात हेही वेगळे सांगावे लागणार नाही.