पुण्यस्मरण : चोळांचे, भोसल्यांचे आणि आपले

कुंभकोणमहून ईशान्येस जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् नावाचे लहानसे गाव लागते. चोळांचे राज्य तेराव्या शतकात लयास गेले, त्यांचे राजवाडे मातीस मिळाले. परंतु गावाच्या नावात तो वंश अजून नांदतो आहे. गेलेल्या माणसांची आठवण समाज कशी ठेवतो, हा प्रश्न विचारण्यास कावेरीच्या या खोऱ्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. येथे सहस्र वर्षांच्या स्मरणाच्या रीती शिळांवर, अन्नछत्रांत आणि वृत्तपत्रांत पाहावयास मिळतात. आणि त्यांत आम्हां मराठी माणसांचाही वाटा आहे.

दिवंगत राजाचा उल्लेख करताना चोळ लेख पुष्कळदा त्याच्या मृत्यूचे ठिकाण सांगतात. राजराजाचा पिता सुंदर चोळ हा 'पोन्माळिगै तुंजिन देवर', म्हणजे सुवर्णमहालात निद्रिस्त झालेला देव. इ. स. १०५४ मध्ये कोप्पमच्या रणांगणात पडलेला राजाधिराज हा हत्तीवर निजलेला. मराठीत आपण नेमके उलट करतो. नावामागे 'कैलासवासी' वा 'वैकुंठवासी' लावून माणूस कोठे गेला ते सांगतो, आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत तेवढेही न मावल्याने नुसते 'कै.' लिहितो.

चोळांनी नावांवरच भागविले नाही. राजेंद्र चोळाने कुंभकोणमजवळ पट्टीश्वरमच्या परिसरात आपली सावत्र माता पंचवनमादेवी हिच्या स्मरणार्थ देऊळ उभारले. अशा स्मृतिमंदिरास तमिळमध्ये 'पळ्ळिप्पडै' म्हणतात. स्वतः राजराज इ. स. १०१४ मध्ये वारला. त्याची समाधी कुंभकोणमजवळच्या उडैयाळूर येथे असल्याची समजूत आहे. २०१९ साली हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेला, न्यायालयाने तपासणीचा आदेश दिला आणि वृत्तपत्रांतून समाधीची चर्चा रंगली.

परंतु याच राजराजाची एक गोष्ट त्या चर्चेत सहसा येत नाही. तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ त्याने बांधले, त्याच्या भिंती आपल्या नावाच्या लेखांनी भरून टाकल्या. तरीही एकोणिसाव्या शतकात स्थलपुराणाचे बोट धरून लोक त्या देवळाचे श्रेय करिकाल चोळास देत होते. १८८० नंतरच्या दशकात जर्मन विद्वान हुल्ट्श यांनी ते लेख वाचले, तेव्हा देवळास त्याचा खरा कर्ता परत मिळाला. अक्षरे डोळ्यांपुढे होती, वाचणारा नव्हता. दगड स्वतः काही आठवत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

त्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्य कोपऱ्यातील भिंतीवर, आमच्या भाषेतील एक प्रचंड शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आज्ञेवरून बाबुराय चिटणिसांनी रचलेले भोसले वंशाचे चरित्र १८०३ साली तेथे कोरले गेले. हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. सत्ता हातची सुटल्यावर राजाने पूर्वजांची नावे भिंतीच्या हवाली केली. या लेखाचे पुढे काय होईल, हे तेथे वाचू शकणारे मराठी डोळे किती वेळा वळतात यावरच अवलंबून आहे.

तथापि तंजावरच्या भोसल्यांची याहून सजीव स्मारके रामेश्वराच्या यात्रामार्गांवर होती. ती म्हणजे त्यांची छत्रे. नीडामंगलमचे छत्र यमुनांबाळांच्या नावाचे, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळांच्या. मुक्तांबाळ सरफोजींची प्रियजन. आपल्या नावे अन्नछत्र असावे ही तिची अखेरची इच्छा होती, अशी आख्यायिका आहे. १८०१ साली सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटास छत्रांविषयी पत्र लिहिले. यात्रेकरूंस अन्न मिळते, आजाऱ्यांस औषधपाणी होते, आणि कोणी तेथेच मरण पावल्यास त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी केला जातो, असे त्यांनी त्यात नमूद केले. म्हणजे एका दिवंगत स्त्रीच्या नावाने अनोळखी मृतांचीही अखेरची सेवा घडत होती! त्या पंगतीस बसलेल्या यात्रेकरूस मुक्तांबाळ कोण हे ठाऊक नसेल; पण तिचे स्मरण त्याच्या पानावर वाढले जात होते.

आता आपल्या काळाकडे वळू. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम शहरातील एका शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपरास लागली आणि ९४ मुले दगावली. काही दिवस देशभरच्या वृत्तपत्रांची पहिली पाने त्या बातमीने भरली. त्यानंतर तिची जागा वर्षातून एका दिवसापुरती उरली : १६ जुलै आला की तसबिरींना हार, मेणबत्त्या, आईबापांचे अश्रू आणि एक छायाचित्र. वृत्तपत्रास यासाठी दोष देण्यात अर्थ नाही; रोज नवे मृत्यू त्याच्या दारी येतात.

परंतु त्या मुलांचे दुसरेही एक स्मरण आहे, आणि त्यास छायाचित्र नाही. त्या दुर्घटनेतून उद्भवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्णय दिला : शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, अग्निशामक साधने आणि इमारतीची सुरक्षितता पाहिल्यावाचून शाळेस मान्यता देऊ नये. हे वाक्य आम्हांस मुक्तांबाळांच्या छत्राच्या जातीचे वाटते. ज्या मुलांचे प्राण त्यामुळे वाचतील, त्यांना कुंभकोणमच्या मुलांची नावे कधीच कळणार नाहीत.

या नियतकालिकाचे बहुसंख्य वाचक सरकारी कामानिमित्त परमुलखात आहेत. कोणी शाळा तपासतात, कोणी इमारतींचे दाखले देतात, कोणाच्या टेबलावर अशी प्रकरणे केवळ सहीसाठी येतात. छत्राचा कोठीवाला ज्या दिवशी तांदूळ मोजण्यात कुचराई करी, त्या दिवशी राणीचे स्मरण तेवढे उणे होई. छप्पर न पाहता दिलेल्या दाखल्याचेही तसेच आहे. तंजावरास जाणे झाल्यास वाचकांनी तो मराठी लेख अवश्य वाचावा. आणि पुढची शाळा तपासावयास जाताना जिन्याची रुंदी मोजावी, स्वयंपाकघर वर्गांपासून किती अंतरावर आहे ते स्वतः पाहावे. त्या ९४ मुलांचे पुण्यस्मरण आपल्या हातून व्हावयाचे ते असेच.