विसरवाडीतील स्मृतिवर्धन

"मेमरी चौपट केली ना सर? मग लाइट गेल्यावर मघाशी भरलेलं सगळं गेलं कसं?"

नवापूर तालुक्यात, धुळे–सुरत महामार्गावर असलेल्या विसरवाडीच्या परिसरातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात हा प्रश्न आम्हांला विचारला गेला. आम्ही मराठीचे अध्यापक. तरीही प्रश्न 'स्मृती'चा असल्याने तो आमच्याकडे आला असावा. गावाच्या नावातील 'विसर'ची व्युत्पत्ती लावण्याचा मोह आम्ही येथे आवरतो.

प्रसंग साधा होता. कार्यालयातील सर्व्हर जुना. प्रवेशाच्या दिवसांत चार टेबलांवरून एकदम नोंदी सुरू झाल्या की तो घरघरू लागे. टेबलावर जागा उरली नाही म्हणजे कारकून फायली पुन्हा पुन्हा कपाटात ठेवतो आणि काढतो, तसे रॅम भरल्यावर यंत्र हार्डडिस्ककडे हेलपाटे घालते. नवा सर्व्हर परवडणारा नव्हता. म्हणून चार जीबीच्या जागी सोळा जीबी बसवण्याचे ठरले. त्यासाठी डीडीआर-३ जातीच्या, सर्व्हरलाच चालणाऱ्या पट्ट्या एका मोडीत काढलेल्या यंत्रातून मिळाल्या. या पट्ट्यांत प्रत्येक ६४ बिटांमागे चूक ओळखून दुरुस्त करण्यासाठी आठ बिट जादा असतात. पाठांतरात साक्षीदार बसवावा, तसे. यंत्र खरोखर चपळ झाले. आणि तिसऱ्या दिवशी वीज गेली. यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटरीनेही साथ सोडली आणि जतन न केलेले सात अर्ज नाहीसे झाले.

प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही मुंबईपर्यंत मागे गेलो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यरत झाला. १९६२ साली त्याला 'टिफरॅक' हे नाव मिळाले. त्याची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. (हे 'शब्द' आपले नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.) हिशेब केला तर ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. तेव्हा प्रस्तुत लेख त्या स्मृतीत जेमतेम मावला असता, किंवा त्याची शेपटी बाहेर राहिली असती. कार्यालयातील सोळा जीबी म्हणजे तिच्या सुमारे पावणेसतरा लाख पट.

पण टिफरॅकची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. एक कडे, एक बिट. तारांच्या जाळ्यात ओवलेले. अमेरिकेतील कारखान्यांत हे ओवण्याचे काम बहुतांशी स्त्रियांच्या हातचे असे. संगणकाच्या इतिहासात या हातांची नावे नाहीत, संशोधकांची आहेत. मॅसॅच्युसेट्समधील 'व्हर्लविंड' या संगणकात लवकर निकामी होणाऱ्या नळ्यांची स्मृती काढून १९५३ साली कड्यांची स्मृती बसवण्यात आली आणि तेच यंत्र वेगवान व भरवशाचे झाले. चालत्या यंत्राची स्मृती बदलण्याची ही रीत अशी जुनी आहे.

कड्यातील चुंबकत्व वीज गेली तरी टिकते. कार्यालयातील प्रश्नाचे मर्म नेमके येथे आहे. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात आणि इंटेलने १९७० साली बाजारात आणलेल्या १०२४ बिटांच्या '११०३' या चिपमध्येही बिट म्हणजे विजेचा एक इवलासा साठा. तो सतत झिरपतो. म्हणून आजच्या पट्टीतील प्रत्येक बिट साधारणपणे सेकंदाला सोळा वेळा वाचून पुन्हा लिहावा लागतो. स्मृती स्वस्त झाली, अफाट झाली. परंतु अखंड आवर्तनावाचून तिला काहीच धरून ठेवता येईना. १९७०च्या दशकात कडी मागे पडली, ती किमतीच्या हिशेबाने. आमच्या मते तो सौदा चुकीचा नव्हता, मात्र 'मेमरी वाढवली' या शब्दप्रयोगाने कार्यालयांची जी समजूत होते, ती चुकीची आहे. वाढते ते टेबल; कपाट नव्हे.

हे सांगताना आम्हांला आमच्या वर्गातील मावची बोलणारी मुले आठवली. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मावचीची नोंद आहे. पण लग्नातली गाणी टिकली ती दर लग्नसराईत म्हटली गेल्यामुळे. ज्या घरात आजीनंतर ती कोणी म्हटली नाहीत, तेथे ती एका पिढीत गेली. अशा एका मुलीने आम्हांला विचारले होते, की आजीचे गाणे मोबाइलमध्ये भरले तर ते राहील ना? आम्ही 'हो' म्हटले होते. आता त्या उत्तराबद्दल आम्ही तितके निःशंक नाही.

सात अर्जांचे कागद सुदैवाने टेबलावरच होते. वरिष्ठ लिपिकांनी ते पुन्हा भरले, दर अर्जानंतर 'सेव्ह'चे बटण दाबत. यूपीएसच्या नव्या बॅटरीचा प्रस्ताव लेखा विभागाकडे गेला आहे.