हळदीच्या दारूची कुळकथा

ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी गावांत, विशेषतः कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या सत्तावीस गावांच्या पट्ट्यात, हळदीच्या रात्री पाहुण्यांना दारू पाजण्याची रीत बंद व्हावी अशी मागणी आता समाजातूनच पुढे येत असून, तिला मिळणारे ठरलेले उत्तर म्हणजे ही वाडवडिलांची परंपरा आहे. या परंपरेतले पिणे जुने आहे, पण आजचे प्रमाण बरेच अलीकडचे असावे, आणि दोहोंमधला सांधा 1892 च्या एका विस्मृत कायद्यात सापडतो.

मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मडक्यावर मडके चढवून त्यांची दारू गाळायची, हा सारा उद्योग नेमका लग्नसराईच्या तोंडावर येतो, आणि जितकी फुले तितकीच दारू, असा त्याचा हिशेब असतो. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने, म्हणजे मद्यावरील कर व नियंत्रणाच्या कायद्याने, घरगुती गाळपाला मोडता घालून तो धंदा मक्तेदारांकडे वळवला. तरी घरात फूल असेपर्यंत चोरून गाळणे थांबणार नव्हते, म्हणून 1892 मध्ये खास ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांच्या साठ्यावर व व्यापारावरच निर्बंध आले. दारूऐवजी फुलावर पहारा बसवणारी ही सरकारी अक्कल दाद देण्याजोगी खरीच.

यावर आक्षेप असा की मोह शहापूर-मुरबाडच्या रानातला आणि आगरी खाडीकाठी मीठ व भात पिकवणारे. आक्षेप रास्त आहे. परंतु खाडीकाठच्या ताडी-माडीलाही निसर्गाचीच मर्यादा होती, कारण पहाटे गोड असलेला रस दुपारपर्यंत चढतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट होतो, त्यामुळे साठवून गावजेवणाइतका पाजणे शक्यच नव्हते. झाडाशी असलेले नाते तुटून दारू दुकानातून येऊ लागली, तेव्हा तिला पैशाखेरीज दुसरी सीमा उरली नाही.

जमिनी विकून आलेल्या पैशालाच सारा दोष देणारा दुसरा पक्ष म्हणूनच अर्धा बरोबर आहे: पैशाने प्रमाण वाढवले, पण विकत घेण्याची सवय त्याआधी कायद्याने लावून ठेवली होती. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये मोहफुलांवरील निर्बंध उठवले, तोवर हळदीच्या मांडवात बियरचे क्रेट टेम्पोतून उतरू लागून बराच काळ लोटला होता, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला लागणारा एक दिवसाचा परवाना तेथे विचारणारा विरळाच.