टायर सांधावा कीं टाकावा ?

जन्मभर इतिहास शिकविलेला मास्तर मोटारीच्या पंक्चरविषयीं बोलूं लागला, तर आपणांस नवल वाटेल. परंतु कांहीं दिवसांपूर्वीं माझ्याच घरांत या विषयावर वाद झाला, आणि त्यांत माझें मत चुकलें. तें कां चुकलें, हें समजून घेण्यासाठीं मला चाकाचा मागचा इतिहास चाळावा लागला. तोच आज आपल्यापुढें ठेवतों.

माझा पुतण्या धुळ्याहून जळगांवास लग्नासाठीं निघाला होता. अंतर सुमारें नव्वद किलोमीटर. त्याच्या मोटारीस 'रन-फ्लॅट' जातीचे, म्हणजे हवा गेली तरी कांहीं अंतर चालणारे, टायर आहेत. पारोळें मागें पडलें आणि हवा कमी झाल्याचा दिवा लागला. गाडी लंगडली नाहीं. म्हणून तो भरधांव तसाच जळगांवपर्यंत आला. पाहिलें तों टायराच्या ऐन मध्यभागीं एक बारीक खिळा. मी म्हणालों, "अरे, एवढ्याशा खिळ्यापायीं हजारों रुपयांचा टायर टाकणें हा उधळेपणा आहे. भोंक बुजवून घे." पहिला दुकानदार बाहेरून रबरी वादी खुपसून दहा मिनिटांत काम करून देण्यास तयार होता. दुसऱ्या दुकानांतील वृद्ध कारागीर मात्र टायर उतरवून आंतून पाहिल्याशिवाय हात लावीना. उतरविल्यावर आंत काळी भुकटी सांचलेली दिसली, आणि बाजूच्या भिंतीवर आंतून सुरकुत्यांचें कडें उमटलेलें. तो म्हणाला, "गुरुजी, भोंक मी बुजवीन, पण ही भिंत कोण शिवणार?"

त्याचें म्हणणें आमच्या आजोबांना लगेच पटलें असतें. त्यांच्या काळीं खानदेशचा कापूस बैलगाड्यांतून बाजारास येई. गाडीच्या लांकडी चाकास मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि या सर्वांस बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धांव. लोहार ही धांव चाकाहून किंचित् लहान करी, गोवऱ्यांच्या आगींत लाल करून चाकावर चढवी व वर पाणी ओती. लोखंड आकसलें कीं सारें चाक घट्ट होई. उन्हाळ्यांत लांकूड सुकलें म्हणजे धांव ढिली पडून खडखडे. मग ती कापून, सांधून पुन्हां चढवीत. परंतु त्याआधीं सुतार एकेक पुठ्ठा ठोकून पाही. लांकूड किडलेलें असेल, तर धांव कितीही चांगली सांधली तरी व्यर्थ. म्हणजे निर्णय धांवेवरून होत नसे, आंतल्या लांकडावरून होई. आणि चाक आपलें दुखणें खडखडून स्वतःच सांगत असे.

हवेच्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं पेटंट करून ठेविली होती. पण ती विस्मृतींत गेली. १८८८ मध्यें बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉईड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं ती पुन्हां नव्यानें शोधून काढली. १८९५ मध्यें मिशेलिन बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत हवेच्या टायरांची मोटार उतरविली, तेव्हां त्यांस वाटेंत वारंवार पंक्चरें काढावीं लागलीं. हवेनें प्रवासास सुख दिलें, तसें खिळ्याचें भयही दिलें. त्यावर उपाय म्हणून १९०४ मध्यें वेल्समधील लानेली गांवच्या डेव्हीस बंधूंनीं जादा चाक विक्रीस आणलें. तेथील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याचें नांव त्यास मिळालें, आणि तें आपल्याकडे आजही प्रत्येक मोटारवाल्याच्या तोंडीं आहे.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. मलाया व सिंगापूर १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत, आणि जावा मार्चमध्यें, जपानच्या हातीं गेलें. त्याबरोबर रबराचे मोठमोठे मळेही गेले. टायर ही दुर्मिळ वस्तु झाली. माझे वडील सांगत कीं, त्या दिवसांत सर्व्हिस मोटारवाले फाटक्या टायराच्या आंत जुन्या टायराचा तुकडा घालून गाडी हांकीत, आणि ट्यूबला ठिगळावर ठिगळ लावीत. टाकण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा, हा संस्कार आम्हांस त्या पिढीकडून मिळाला. तो वाईट नव्हे. ट्यूबच्या टायरास तो शोभलाही. कारण हवा गेल्याबरोबर गाडी लंगडे, चालक निमूटपणें थांबे, आणि भोंकाखेरीज टायरास फारशी इजा होत नसे.

रन-फ्लॅट टायरानें नेमकी हीच गोष्ट पालटली. १९८७ मध्यें ब्रिजस्टोन कंपनीचे असे टायर पोर्शे ९५९ या मोटारीस मिळाले. १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारींत ते मूळचेच आले, आणि त्यांच्या भरंवशावर स्टेपनी वगळण्यांत आली. साध्या टायरांत भार हवा वाहते. येथें हवा गेली कीं बाजूची जाड रबरी भिंत भार उचलते. बहुतेक कारखानदार तिची मर्यादा ताशीं ८० किलोमीटर वेगानें सुमारें ८० किलोमीटर अशी सांगतात. म्हणजे धुळ्यास खिळा लागला, तर त्या हिशोबानें जळगांवही गांठतां येणार नाहीं. आणि ही मर्यादा मुक्कामास पोंचविण्यापुरती आहे. टायर त्यानंतर शाबूत राहील, अशी हमी नव्हे. प्रत्येक फेऱ्याबरोबर भिंत वांकते, तापते, आणि तापून रबर व आंतील धागे यांची सांधणी सुटूं लागते. बाहेरून मात्र टायर ठणठणीत दिसतो. जुनें चाक खडखडून सांगे. हें चाक मुकें आहे.

म्हणून प्रश्न भोंक केवढें, एवढाच नाहीं. हवा गेल्यावर टायर किती चालला, हा खरा प्रश्न आहे. दिवा लागतांच चालक थांबला असेल, भोंक रस्त्यास टेकणाऱ्या भागांत असून सहा मिलिमीटरपेक्षां मोठें नसेल, आंतली भिंत निर्दोष असेल, आणि टायर करणाऱ्या कंपनीची परवानगी असेल, तर आंतून बुंधा व ठिगळ एकत्र बसवून तो सांधावा. अशा वेळीं "रन-फ्लॅट म्हणजे नवाच घ्या" असें म्हणणाऱ्या विक्रेत्याचें ऐकूं नये. परंतु कांहीं कंपन्या दुरुस्तीस मुळींच मान्यता देत नाहींत, त्यांचें ऐकावें. भोंक कडेस वा भिंतीस असेल, आंत भुकटी किंवा सुरकुती दिसेल, अथवा टायर हवेविना किती चालला हें कोणासच ठाऊक नसेल, तर तो बदलावा. शंकेचा फायदा येथें टायरास देऊं नये. आंत माणसें बसलेलीं असतात.

धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ आहे. ऐकीव गोष्टीवर न विसंबतां अस्सल कागद पाहावा, हा त्यांचा आग्रह मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितला, आणि स्वतःच्या घरीं टायर आंतून न पाहतांच निकाल दिला ! आतां पुतण्यानें गाडींत एक लहानशी वही ठेविली आहे. दिवा लागला कीं गाडी हळू बाजूस घ्यावयाची, किलोमीटरचा आंकडा टिपावयाचा, आणि तो कारागिरास दाखवावयाचा. आपणही अशी वही ठेवावी, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.