टूमस्टोनचा उपविधी क्रमांक ९

उपविधी क्रमांक ९ वाचताना वाटले, मसुदा करणाऱ्याला काम येत होते. एप्रिल १८८१. अ‍ॅरिझोना तेव्हा राज्यही नव्हते, नुसता प्रदेश होता. आणि टूमस्टोन म्हणजे चांदीच्या खाणीच्या जोरावर दोन वर्षांत उभे राहिलेले गाव. शहराच्या हद्दीत प्राणघातक हत्यार घेऊन फिरायचे नाही, असा नियम झाला. पण माणूस रानातून घोड्यावर येणार, त्याच्या कमरेला पिस्तूल असणारच. त्याला वेशीवरच गुन्हेगार कसे ठरवायचे? म्हणून दुसऱ्या कलमात सवलत दिली. नुकताच गावात शिरलेला किंवा गाव सोडून निघालेला माणूस प्रामाणिकपणे, वाजवी वेळात हत्यार जमा करायला किंवा परत घ्यायला चालला असेल, तर त्याला बंदी लागू नाही. तिसऱ्या कलमात बंदुका-पिस्तुलांसोबत सुरे आणि खंजीरही धरले. नगरपरिषदेच्या सभा शाखेत माझी उभी हयात गेली, उपविधींचे मसुदे हाताखालून गेले. ‘वाजवी वेळात’ असे लिहिणारा कारकून गाव ओळखून असतो.

निवृत्तीनंतर लेकीकडे टूसॉनला येऊन-जाऊन राहू लागलो. तिथून टूमस्टोन मोटारीने तास-सव्वा तासावर. तिथे आज तिकीट काढून गोळीबाराचा खेळ बघता येतो, आणि बघणाऱ्याला वाटते की इथे पूर्वी ज्याचे पिस्तूल त्याचे राज्य होते. दप्तर वेगळे सांगते. २६ ऑक्टोबर १८८१ ची ओके कॉरलची ती जगप्रसिद्ध चकमक हत्यारबंदीच्या अंमलबजावणीतून पेटली. त्या सकाळी आइक क्लँटन नावाचा गुराखी रायफल आणि पिस्तूल घेऊन गावात फिरत होता. शहराचा मार्शल व्हर्जिल अर्प याने त्याच्या डोक्यात पिस्तूल हाणले, हत्यारे काढून घेतली आणि त्याला न्यायाधीशापुढे उभे केले. दंड झाला २५ डॉलर आणि वर कोर्टखर्च. दुपारी त्याचे साथीदार फ्रेमॉन्ट रस्त्यालगत जमल्याची खबर आली. काउंटीचा शेरीफ जॉनी बेहान त्यांची समजूत घालायला पुढे गेला, पण उपयोग झाला नाही. मग व्हर्जिल, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि वायटचा मित्र डॉक हॉलिडे असे चौघे हत्यारे ताब्यात घ्यायला निघाले. जेमतेम अर्ध्या मिनिटात तिसेक गोळ्या सुटल्या, तीन माणसे मेली. ओके कॉरल या तबेल्याचे नाव सिनेमाने मोठे केले. प्रत्यक्ष जागा कॉरलच्या मागच्या अंगाला, एका छायाचित्रकाराच्या घराशेजारची मोकळी चिंचोळी पट्टी.

मेलेल्यांपैकी टॉम मॅक्लॉरीकडे पिस्तूल होते की नव्हते, यावर अजून वाद चालू आहे. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी महिनाभर साक्षी ऐकल्या आणि अर्प बंधूंवर खटला चालवण्यास नकार दिला. मात्र क्लँटनशी वैर असलेल्या वायट आणि हॉलिडेला मदतीला घेणे हा व्हर्जिलचा अविचार होता, असा ठपकाही ठेवला. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. नियम बरोबर, अंमलबजावणी वाईट; पालिकेत हे रोजचे आहे.

वरच्या सरकारने या गावठी नियमाचे काय केले? १८८९ मध्ये अ‍ॅरिझोना प्रदेशाच्या विधिमंडळाने हीच बंदी प्रदेशभरच्या गावांना आणि शहरांना लावली. प्रवाशाला गावात आल्यापासून अर्धा तास सूट. ‘वाजवी वेळा’ला घड्याळ लागले. हॉटेल आणि दारूच्या गुत्त्यांच्या मालकांनी हत्यारे उतरवून ठेवण्याची सूचना दर्शनी जागी लावायची. म्हणजे वरचे सरकार आणि गाव तेव्हा एकाच बाजूला होते.

पुढची नव्वद वर्षे मी घाईने ओलांडतो, कारण दोघांत गाठ बसली ती १९८१ मध्ये, तीही अ‍ॅरिझोनात नव्हे. शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या उपनगराने गावात पिस्तूल बाळगण्यावरच बंदी घातली. बंदूकवाल्यांच्या संघटना न्यायालयात हरल्या. जॉर्जियातल्या केनेसॉ गावाने चिडून १९८२ मध्ये उलटा ठराव केला, की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरात बंदूक ठेवलीच पाहिजे. हसू येते, पण खरी लढाई वेगळीकडे गेली. गावोगाव भांडण्यापेक्षा या संघटनांनी राज्याच्या विधिमंडळात एकच कायदा करून घ्यायचा: बंदुकीचे नियम फक्त राज्य करील, शहरांनी त्यात पडायचे नाही. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. फ्लोरिडाने २०११ मध्ये तर नियम मोडणाऱ्या नगरसेवकाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि पदावरून हकालपट्टी ठेवली.

या कायद्यांची बाजू पोकळ नाही. दहा गावांतून जाणाऱ्याने दहा नियम पाठ कसे करायचे? शिवाय शहर हे राज्याच्या कायद्याचे अपत्य, असे आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्येच लिहून ठेवले होते. आम्हाला ते वेगळे शिकवायला नको. महाराष्ट्रात नगरपरिषदेचा ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली निलंबित करतात, महापालिकेचा ठराव सरकार ४५१ खाली विखंडित करते. बंदुकीचा विषय मात्र आमच्या सभेपुढे कधी आलाच नाही. शस्त्रे हा केंद्राचा विषय, परवाना जिल्हाधिकाऱ्याचा किंवा पोलीस आयुक्तांचा, आणि निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. आमच्या वाट्याला मोकाट कुत्री.

टूसॉनचे तसे नव्हते. अ‍ॅरिझोनाच्या राज्यघटनेने ठरावीक लोकसंख्येवरच्या शहरांना स्वतःची सनद करण्याचा हक्क दिलेला. शहराच्या बागांमधली बंदूकबंदी अपील न्यायालयाने १९९८ मध्ये उचलून धरली. २००० मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ती वाट बंद केली. २००५ मध्ये शहराने वेगळा ठराव केला: पोलिसांकडे जप्त किंवा जमा झालेल्या बंदुका नष्ट करायच्या. ८ जानेवारी २०११ ला टूसॉनलगतच्या एका दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळी झाडली गेली, सहा माणसे मेली. बरोबर दोन वर्षांनी नगरसेवक स्टीव्ह कोझाचिक यांनी बंदूक द्या आणि ५० डॉलरचे किराणा कुपन घ्या, असा उपक्रम केला. दोनशेच्या आसपास बंदुका आल्या. त्याच वर्षी राज्याने फर्मावले, की अशा बंदुका मोडायच्या नाहीत, परवानाधारक विक्रेत्याला विकायच्या.

शहर बंदुका मोडतच राहिले. जानेवारी २०१३ पासून ४,८२०. मग आला २०१६ चा कायदा, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे हत्यार तेच. विधिमंडळाच्या एका जरी सदस्याने तक्रार केली तरी अ‍ॅटर्नी जनरलने शहराची चौकशी करायची; शहर दोषी ठरून हटले नाही तर राज्याच्या करांतला त्याचा वाटा रोखायचा; आणि न्यायालयात भांडायचे असेल तर सहा महिन्यांच्या वाट्याएवढी हमी आधी भरायची. अनुदान अडले की सभागृहात कसे मौन पसरते ते मी पाहिले आहे. पगार थकला की ठरावाचे सूचक-अनुमोदकही सापडत नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने टूसॉनविरुद्ध निकाल दिला. पोलिसांच्या मालाची विल्हेवाट हा निव्वळ शहराचा प्रश्न नाही, म्हणाले.

उलट फिरलेले राज्य शेजारच्या परिसरात एक आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराची असॉल्ट रायफलबंदी न्यायालयाने राज्याच्या अशाच मनाईमुळे १२ मार्च २०२१ ला रोखली. दहा दिवसांनी त्याच शहरातल्या सुपरमार्केटात दहा माणसे मारली गेली. मारेकऱ्याने बंदूक दुसऱ्या गावातून घेतली होती, तेव्हा बंदीने ती अडली असती असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तरी त्या जूनमध्ये विधिमंडळाने शहरांवरची मनाई काढली. आता तिथले शहर राज्याच्या नियमाहून कडक नियम करू शकते, सैल मात्र नाही. अ‍ॅरिझोनात २००० चा कायदा अजून लागू आहे, आणि २०१० पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला पिस्तूल कपड्याआड लपवून न्यायलाही परवाना लागत नाही. टूमस्टोनच्या मुख्य रस्त्यावरसुद्धा.