डायनोसॉर यायच्या आधी (अर्थात चंद्रपूरचा बर्फ)

खेळण्यांच्या कुठल्याही दुकानात जा आणि डायनोसॉरचं पाकीट घ्या. त्यात टी-रेक्स असतो, ट्रायसेराटॉप्स असतो, एक लांब मानेचा असतो आणि पाठीवर होडीच्या शिडासारखं काहीतरी असलेला एक चार पायांचा प्राणी हमखास असतो. त्याचं नाव डायमेट्रोडॉन. आता गंमत अशी, की हा डायनोसॉर नाहीच. पहिला डायनोसॉर जन्माला यायच्या सुमारे चार कोटी वर्षं आधी हा संपलेला होता. आणि नात्यानेच बघायचं तर तो टी-रेक्सपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचा!

पटत नसेल तर कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दात करकचून आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो, तो जबड्याकडे जातो गालफडाच्या हाडामागच्या एका मोकळ्या जागेतून. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना अशी एकेकच खिडकी असणं ही आपल्या घराण्याची खूण. डायमेट्रोडॉनच्या कवटीतही ती आहे. डायनोसॉर, मगरी, पक्षी या मंडळींच्या घराण्यात खिडक्या दोन-दोन. या एक-खिडकीवाल्या घराण्याला सिनॅप्सिड म्हणतात. सगळे सस्तन प्राणी त्यातलेच.

तर आजचा विषय हा. डायनोसॉरच्या आधी काय होतं?

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. डायनोसॉर आले सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. तीन तासांचा हिंदी सिनेमा धरला तर शेवटची नऊ मिनिटं उरलेली असताना डायनोसॉरची एंट्री होते. (आपली एंट्री कधी ते विचारू नका, तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात.) आधीचा बराचसा सिनेमा सूक्ष्मजीवांचा. ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या त्यांच्या खुणा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकांत आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला, ५४ कोटींच्या आसपास समुद्रात प्राण्यांची एकच गर्दी उसळली, ३७.५ कोटी वर्षांपूर्वी टिक्टालिकसारखे मनगट असलेले मासे काठाशी घुटमळायला लागले. मग दलदलीची जंगलं, त्यात दोन फुटांहून जास्त पंखविस्ताराचे चतुरासारखे कीटक. हे सगळं मी मुद्दाम पळवत सांगतोय, कारण मला थांबायचंय ते पर्मियन काळात. २९.९ कोटी ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ. आणि थांबायचंय ते चंद्रपूरला.

हो, चंद्रपूरच. मे महिन्यात ४७ अंशांच्या बातम्या जिथून येतात, तेच. तिथून जवळ, पैनगंगेच्या काठी इरई नावाच्या जागी चुनखडकाचा एक पृष्ठभाग आहे. एकीकडून गुळगुळीत घासलेला आणि त्यावर समांतर ओरखडे. १८७५ साली भूशास्त्रीय सर्वेक्षणातल्या फेडन यांनी त्याची नोंद केली. असे ओरखडे हिमनदी काढते. पोटात दगडगोटे धरून ती खडकावरून सरकत जाते आणि खाली ही नक्षी राहते. ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ सालीच ओडिशातल्या तालचेरला दगडगोट्यांचा थर बघून बर्फाचा तर्क केला होता, पण भारतात आणि बर्फ? हे पचायला लोकांना वेळ लागला. उत्तर असं, की तेव्हा भारत इथे नव्हताच. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना चिकटून दक्षिणेत खूप खाली बसलेला होता. त्या जोडखंडाचं नाव गोंडवन. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे आणि तो आपल्या विदर्भाच्या आणि मध्य भारताच्या गोंडांवरून गेलाय.

बर्फ हटला आणि तिथे दलदल झाली. दलदलीत एक झाड माजलं, ग्लॉसोप्टेरिस. पान जिभेच्या आकाराचं, नावाचा अर्थही साधारण तोच. थंडीत ही झाडं पानं गाळायची, पानांचे थरावर थर पाण्यात पडायचे, न कुजता दबून राहायचे. त्यांचा झाला कोळसा. झारखंड-बंगालचा, वर्धा खोऱ्याचा, उमरेडचा कोळसा हा असा. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशावरच बनते, तेव्हा हे टाइप करताना माझ्या मॉनिटरमध्ये जो उजेड आहे, त्यात पर्मियन काळातलं ऊन थोडं तरी असणारच.

या पानाची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोचला. अमुंडसेन आधीच जाऊन आलेला. परतीच्या वाटेवर, उपासमार आणि थंडीने अर्धमेले झालेले असताना, फेब्रुवारीत या लोकांनी बिअर्डमोर हिमनदीपाशी थांबून दगड गोळा केले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचा तंबू आणि मृतदेह सापडले, तेव्हा सुमारे १६ किलो दगड तिथेच होते, फेकले नव्हते! त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. अंटार्क्टिकात. आणि त्याच १९१२ च्या जानेवारीत जर्मनीत वेगेनर नावाचा माणूस पहिल्यांदाच भाषणात सांगत होता की खंड सरकतात. दोघांना एकमेकांच्या कामाचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

असो. आता वाईट भाग.

पर्मियन काळाच्या शेवटी जमिनीवर राज्य आपल्या घराण्याचं होतं. सुळेवाले शिकारी सिनॅप्सिड, चोचवाले शाकाहारी सिनॅप्सिड, उंदराएवढे ते गेंड्याएवढे. आणि मग सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हा वाहायला लागला. ज्वालामुखी म्हटल्यावर धूर ओकणारा डोंगर डोळ्यांसमोर येतो, तसं हे नव्हतं. जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरत राहिला, थरावर थर. आपला सह्याद्री अशाच प्रकारात घडला, फक्त खूप नंतर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. ट्रेकला गेल्यावर समोरच्या डोंगरात पायऱ्या दिसतात ना, त्याच पायऱ्यांवरून या प्रकाराला 'ट्रॅप' म्हणतात. डेक्कन ट्रॅप, सैबेरियन ट्रॅप.

पण नुसता लाव्हा एवढा घातक नसावा. खरी भानगड तळघरात होती. सैबेरियात शिलारस वर येताना वाटेत कोळसा, मीठ आणि चुनखडकाचे जाड थर लागले. शिलारस त्यांच्यात आडवा घुसला आणि त्याने ते भाजून काढले. सर्व्हरच्या खोलीत आग लागावी आणि खालच्याच मजल्यावर डिझेलचा साठा असावा, तसं काहीसं. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ओझोन खाणारी क्लोरीनची संयुगं, सगळं हवेत. जळलेल्या कोळशाचे आणि लाकडाचे तुकडे तिथल्या ज्वालामुखीच्या खडकांत मिळाले, तो शोधनिबंध २०२० चा. समुद्र तापला. विषुववृत्ताजवळ पाण्याचा वरचा थर ४० अंशांच्या जवळ गेला असावा असा २०१२ चा एक अभ्यास सांगतो. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात पाणी आम्लधर्मी झालं. समुद्रातल्या दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त प्रजाती गेल्या. २७ कोटी वर्षं टिकलेले ट्रायलोबाइट तिथेच संपले. ग्लॉसोप्टेरिस तर समुद्रातल्या पडझडीच्या जरा आधीच गेलं. पुढची सुमारे एक कोटी वर्षं जगात कुठेच कोळशाचे थर सापडत नाहीत, कारण कोळसा बनवणारी दलदलच उरली नव्हती.

चीनमध्ये मेइशानच्या खाणीतल्या राखेच्या थरांचं वय मोजून २०१४ मध्ये जो आकडा आला, तो बघून मी खुर्चीतच सरसावून बसलो. समुद्रातली मुख्य कत्तल सुमारे ६० हजार वर्षांत उरकली. भूशास्त्रात हे म्हणजे चहा होईपर्यंत. आपण सध्या कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि हा वेग तेव्हाच्या सरासरी वेगापेक्षा बराच जास्त आहे. एकूण बेरीज अजून तेव्हाच्या जवळपासही नाही, हेही खरं. पण त्या आकड्यांकडे बघताना मला नेहमी वाटतं, की सैबेरियात शिलारसाने जे केलं ते चंद्रपुरात आपण फावड्याने आणि ट्रकने करतोय. मी काही वीज वापरणं सोडणार नाही, उगाच आव आणत नाही.

मग वाचलं कोण? लिस्ट्रोसॉरस नावाचा एक बेढब प्राणी. डुकरासारखं अंग, तोंडाला कासवासारखी चोच आणि वर दोन सुळे. हाही एक-खिडकीवाला. दक्षिण आफ्रिकेत विनाशानंतरच्या काही थरांत चार पायांचं जे काही सापडतं त्यातलं बहुतेक हेच! आपल्याकडे आसनसोलजवळ दामोदर खोऱ्यात याची हाडं मिळतात, १९६९ मध्ये अंटार्क्टिकात मिळाली. एवढं अजागळ जनावर पोहत तिथे गेलं असं कोण म्हणणार? खंड सरकतात यावर राहिलेल्या शंकेखोरांनाही मग फार बोलता येईना.

हा का टिकला यावर वाद आहेत. बिळं खणत असावा, लवकर वयात येत असावा. अंटार्क्टिकातल्या सुळ्यांचे छेद घेऊन २०२० मध्ये दिसलं की मधूनमधून त्यांची वाढ थबकलेली आहे, म्हणजे कदाचित शीतनिद्रेसारखं काही. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र त्याच्याच काळातला छोटा थ्रिनॅक्सोडॉन, सस्तन प्राण्यांकडे जाणाऱ्या फांदीवरचा. तोही बिळात राहायचा. दक्षिण आफ्रिकेत गाळाने भरलेलं त्याचं एक बीळ अख्खं दगड होऊन मिळालं. ते न फोडता फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये क्ष-किरणांखाली धरलं गेलं आणि २०१३ मध्ये आतलं चित्र छापून आलं. थ्रिनॅक्सोडॉन झोपल्यासारखा पडलाय आणि त्याला अगदी खेटून बेडकाच्या दूरच्या गोतातला एक छोटा उभयचर आहे, ज्याच्या मोडलेल्या बरगड्या जुळत आलेल्या. त्या थ्रिनॅक्सोडॉनने मोडल्या असाव्यात असं वाटत नाही. बहुधा तो जखमी उभयचर आसऱ्याला आत शिरला आणि झोपलेल्या घरमालकाने त्याला हाकललं नाही. मग पुराचा गाळ आला आणि दोघेही २५ कोटी वर्षं तसेच राहिले, शेजारी-शेजारी.