कांदाटीचं खोरं दुर्गम कधी झालं?

आमच्या पैठणचं जायकवाडी आणि साताऱ्याचं कोयना, या दोन धरणांत जवळपास सारखंच पाणी मावतं. नाथसागराची क्षमता सुमारे १०२ टीएमसी, शिवसागराची सुमारे १०५. पावसाळ्यात रोजच्या पेपरात हे आकडे एकाखाली एक छापून येतात आणि दोन्ही धरणं एकाच जातीची वाटतात. नकाशावर मात्र ती वेगळी दिसतात. नाथसागर परातीसारखा पसरलाय, सुमारे ३५० चौरस किलोमीटर. शिवसागराने तेवढंच पाणी त्याच्या साधारण एक तृतीयांश जागेत साठवलंय, कारण ते सह्याद्रीच्या अरुंद, खोल दरीत उभं आहे.

हा फरक अभियांत्रिकीच्या पुस्तकात एका ओळीचा. माणसांच्या बाबतीत तो तेवढ्यावर संपत नाही. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. गोदाकाठची चांगली काळी जमीन आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली. ते दुःख लहान नव्हतं. पण जे काठावर उरले, त्यांच्या पाठीशी सपाट जमीन होती. रस्ता थोडा वळसा घालून गेला, एसटी उशिरा का होईना आली.

कोयनेच्या खोऱ्यात तसं होणं शक्यच नव्हतं. डोंगरी मुलखात सगळं काही दरीच्या तळाशी असतं: भातखाचरं, मोठी गावं, बाजार आणि मुख्य म्हणजे गावांना जोडणारी वाट. तळ बुडाला की उरतात ते उतार आणि माथे. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, नेटवर्कमधले बिंदू काही प्रमाणात शिल्लक राहिले, पण त्यांना जोडणाऱ्या रेषा पुसल्या गेल्या. सगळ्यात मोठा फटका बसला तो कांदाटी खोऱ्याला. कांदाटी ही कोयनेची उपनदी. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी एकत्र येतं. शिंदी, वळवण, उचाट, चकदेव, पर्वत ही गावं तिथून पश्चिमेला, थेट कोकणच्या कड्यापर्यंत पसरलेली. त्यांच्या आणि तापोळा-बामणोलीच्या मध्ये आता धरणाचं पाणी आहे.

कुणी म्हणेल, हा मुलूख पहिल्यापासूनच दुर्गम होता. जावळीच्या मोऱ्यांचा सारा भरवसा इथल्या रानावरच होता. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि तीनच वर्षांनी अफझलखानाला याच रानाच्या तोंडाशी यायला भाग पाडलं. खाली वासोट्याचा तर तुरुंगासारखा वापर व्हायचा. पेशवाईच्या शेवटच्या युद्धात पकडलेले दोन इंग्रज अधिकारी तिथेच कैदेत होते आणि १८१८ साली किल्ला पडल्यावर सुटले. रान दाट होतं, पाऊस प्रचंड होता, हे खरंच आहे. पण फौजेला अवघड असणं वेगळं आणि तिथे राहणाऱ्या माणसाला तुटलेलं असणं वेगळं. घाटवाटांनी कोकणात उतरता यायचं. चकदेवच्या शिड्यांची वाट आजही खेड तालुक्यातल्या आंबिवलीला उतरते. दुसऱ्या अंगाने नदीच्या काठाकाठाने देशावर जाता यायचं. दोन्हीकडे पायीच चालावं लागे, पण वाट होती.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं आणि त्यातली सोपी वाट बुडाली. कोयनेचं पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला पोफळीत आणि पुढे वाशिष्ठीत सोडलं गेलं. चार टप्पे मिळून १,९६० मेगावॅट विजेची सोय झाली आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा मात्र १९७६चा, म्हणजे कोयनेत पाणी चढल्यावर दहाहून अधिक वर्षांनंतरचा. अनेकांना सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या. ज्याने जन्मभर चिखलात भात लावला, त्याला दुष्काळी माळरानावर काय करायचं हे नव्याने शिकावं लागलं. काही जण गेलेच नाहीत. पाणी जसं वर आलं तसे तेही वर सरकले आणि उतारावर नाचणी, वरी करत राहिले.

मग १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं. २०१० साली चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली कोयनेचं रान युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. यातला कुठलाही निर्णय वेडेपणाचा नव्हता. हे सदाहरित रान टिकलं नाही तर डोंगराची माती धरणात येईल आणि शेकरू, गवा, अस्वल यांनाही जागा उरणार नाही. पण धरणाने ज्यांना वर ढकललं, नेमके तेच या नव्या रेषांच्या आत किंवा काठावर आले. रस्ता हवा तर वनखात्याची परवानगी, आणि पीक हाताशी आलं की गवे हजर.

२००६च्या वनहक्क कायद्यातही एक मेख आहे. आदिवासी नसलेल्या वनवासीयांना १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. ज्याचं मूळ घर पाण्याखाली आहे आणि आजचं घर धरणानंतरचं, त्याने १९३०चा पुरावा आणायचा कुठून?

तेव्हा तरुणांनी मुंबई गाठली यात नवल नाही. जावळी-पाटणच्या माणसांनी मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर पोती वाहिली. १९६९चा माथाडी कायदा ज्या अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला, ते पाटण तालुक्यातलेच. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं उरली.

त्या मुलांचं काय, हे जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं. जावळी तालुक्यातल्या मुली स्वतः होडी वल्हवत धरण ओलांडून शाळेला जातात, ही बातमी वाचून न्यायालयाने आपणहून याचिका दाखल करून घेतली. त्याच वर्षी याच जलाशयाकाठच्या दरे गावचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि गावातली हेलिपॅड चर्चेत आली.

आता पूल बांधले जातायत. मांघर मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलंय आणि ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पात सुरुवातीलाच २३५ गावं धरली गेली. कांदाटीला दिवस बरे येतील असं वाटण्याजोगं बरंच काही घडतंय. धास्तीही तिथेच आहे. पूल रिसॉर्टसाठी आला तर उतारावरची जमीन आधी विकली जाईल, आणि ज्यांनी साठ वर्षं होडीची वाट पाहिली ते त्याच रिसॉर्टात वाढपी होतील. पूल त्यांच्यासाठी असेल तर त्याच्या जोडीने जमिनीचे कागद, वनहक्काचे दाखले आणि पावसाळ्यातही चालणारा दवाखाना यायला हवा.

पैठणला कालव्याचं पाणी उशिरा सुटलं की आम्ही मोर्चा काढतो, आणि काढायलाच हवा. कांदाटीला मोर्चा काढायचा तर आधी होडी मिळवावी लागते.